रश्मीच्या नावाची पेटी

३ फेब्रुवारी
पेटीचं झाकण फुकट गेलं. मशीनवर लाकडाची जाळी कापताना वळणावर पातं घाईनं फिरवलं आणि पिंपळपानाचं टोकच तुटलं. बाबा म्हणाले, "गोंद लाव, वरून पॉलिश मार. कोणाले दिसते?" मला दिसेल ना! नवी फळी घेतली. आता पुन्हा चौतीस भोकं. प्रत्येक भोकातून पातं ओवायचं, कसायचं, आतला तुकडा कापून पाडायचा, पातं सोडवायचं. पाटीवर अक्षरं गिरवण्याआधी मी बाबांजवळ बसून फळीवर पानं गिरवायला शिकले. आणि अजून चुकते.

९ फेब्रुवारी
पेटी झाली. सागाची, वीतभर. आईनं फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, "रश्मीच्या रुखवतात ठेवू. तिच्या नावानं."
मी म्हटलं, रश्मीनं आजवर मशीनला हातही लावला नाही.
"अवं, रुखवतातलं सारं कोणती नवरी सोता करते? माह्या रुखवतातल्या बाहुल्या तुह्या मावशीनं केल्या होत्या!"
रश्मी हसत सुटली. माझी धाकटी बहीण — तिला सगळ्याचंच हसू येतं. मला नाही आलं.

२३ फेब्रुवारी
लग्न झालं.
पंचशील म्हणताना 'मुसावादा'पाशी मी अडखळले. खोटं बोलणार नाही, असं म्हणायचं — आणि शेजारच्याच टेबलावर माझी पेटी, तिच्यापुढे आईनं लिहिलेली चिठ्ठी: 'हस्तकला — रश्मी'.
रश्मीच्या सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, पेटी हातात घेऊन सगळ्या पाहुण्यांना दाखवली. "आमच्या संघपालले साधा खिळा ठोकता येत नाही, अन् सून पाहा कशी कारागीर भेटली!" सगळे हसले. बाबा खाली पाहत होते.

११ मार्च
अकोल्याहून रश्मीचा फोन. संघपालरावांनी तिला मशीन आणून दिली! मे महिन्यात नणंदेचं लग्न आहे. तिच्या रुखवतासाठी सासूबाईंना अशीच पेटी हवी.
मी म्हटलं, आता तरी खरं सांगून टाक.
"ताई, दोन महिने कोणाले काही सांगू नको."
"कावून?"
"थांब म्हणते ना!"
या वेळी ती हसली नाही.

१२ मार्च
थांबून काय होणार? खोटं आणखी वाढेल.

१९ मार्च
शेवटी बाबांना विचारलं, रश्मीच्या सासूबाईंना मीच सांगून टाकू का? रंधा थांबवून म्हणाले, "खरं त सांगाच लागते पोरी. पण ते रश्मीनं सांगाचं, तू नाही." आईनं आतून ऐकलं — "तोंड उघडून त पाहाय!"
पण उद्या त्या घरात रश्मी उघडी पडली, तर आधी माहीत असून गप्प बसलेली मीच ना?

२६ मार्च
दुर्गाबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. पेटी माझी, चिठ्ठी आईची, रश्मीचा दोष नाही.
त्या म्हणाल्या, "म्हंजे लग्नात तुमी सारे आमच्यावर हसत होते?" फोन ठेवला.
पण छाती मोकळी झाली — किती दिवसांनी! रश्मीला उद्या सांगेन.

२७ मार्च
रश्मीचा फोन बंद.

२९ मार्च
बंदच. संघपालराव उचलत नाहीत. आई माझ्याशी बोलत नाही.

३१ मार्च
एसटीच्या पार्सलनं पेटी परत आली. दर्यापूर स्टँडवरून बाबा घेऊन आले. आत चिठ्ठी नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेले प्लायवूडचे सहा तुकडे. पहिल्या दोन तुकड्यांवर नुसती भोकं. पुढच्या तिन्हींवर अर्धी, फाटलेली पानं. सहाव्यावर एक अख्खं पिंपळपान, कडा वाकड्या, पण अख्खं.
प्रत्येकाच्या मागे रश्मीच्या अक्षरात पेन्सिलनं तारीख. सहाव्याच्या मागे — २५ मार्च.