निघताना कुलूप लावा

अहो,

मला सातची शाळा आहे, म्हणून तुम्हाला न उठवताच निघाले. पोळीभाजीचा डबा ओट्यावर ठेवलाय. वर्षभर तुम्ही करत होतात, आज मी केलाय, तेव्हा मीठ कमी वाटलं तरी मुकाट्याने खा. हिंजवडीला जाणारी नव्या कंपनीची बस कोथरूड डेपोपाशी साडेआठला येते. ती तुमच्यासाठी खोळंबून राहणार नाही, ती काही तुमची बायको नाही.

काल जेवताना तुम्ही म्हणालात, "नोकरी लागली की ई.एस.आय.चा बेकारी भत्ता बंद. आणि ही नोकरीही टिकली नाही तर?" मी ताटं उचलली. त्याचं उत्तर आता लिहिते. कारखाना बंद पडला तो तुमच्यामुळे नाही. लाइट गेली की या आयटीवाल्यांनाही जनरेटरच लागतो, आणि तुमचा सगळा जन्म जनरेटरपाशीच गेलाय. साहेब आपल्या आमोदच्या वयाचा आहे, तर असू दे. फक्त आमोदला ओरडता तसं त्याला ओरडू नका. आणि नाहीच टिकली, तर पुन्हा दुसरी शोधू. मी आहे ना.

निघताना कुलूप लावा, दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. गेलं वर्षभर मी शाळेतून आले की दार उघडंच असायचं आणि आतून तुमची हाक यायची, "आलीस का गं?" आज ती यायची नाही. मला जरा जड जाईल, पण तुम्ही जाच.

पद्मजा