मापासाठी उभा केलेला माणूस

शनिवार, १२ ऑगस्ट २००६. पासिर रिस.

इथल्या मराठी मंडळात आज रॅफल्स प्लेसच्या एका बँक मॅनेजरने एका स्तूपाच्या शंभर वर्षांपूर्वी झालेल्या उत्खननाचे फोटो दाखवले. खणून घेणाऱ्या साहेबाच्या हातातल्या काठीवर पाच मिनिटं बोलला. भिंतीपाशी ताठ उभ्या मजुराकडे बोट दाखवून माझ्या मुलीने विचारलं, ‘अंकल, हा कोण?’

‘कोणी नाही गं. स्तूपाची उंची कळावी म्हणून उभा केलाय.’

लोक हसले.

पाच मिनिटं काठीवर! आणि म्हणे अभ्यासक.

माझे पणजोबा अशाच एका उत्खननात मातीच्या टोपल्या वाहायचे. त्यांनाही कुणी असंच उभं केलं असेल?

परतताना एमआरटीच्या गाडीत मुलीला पणजोबांचं सांगितलं.

‘देन व्हाय यू नेव्हर से, पप्पा?’

भाषण संपल्यावर मी टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या.