काचेच्या आतून टकटक

११ जून २००१
आजपासून रोजनिशी. शिकायचं म्हटलं की शिस्त हवी, आणि शिस्तीत मालवणात माझा हात कोणी धरणार नाही.

मुद्दा लिहून ठेवतो. विमल गेली. तिच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सुरूच्या झाडावर बसून मान वाकडी करून नुसता बघत होता. मेहुणा बाबली म्हणाला, बहिणीचा जीव कशात तरी अडकलाय, बोला भावोजी. त्याने स्वतः घराची कौलं बदलायचा शब्द दिला. मुलगी संजनाने मला सांभाळायचा दिला. कावळा ढिम्म. ऊन चढलं, भटजी घड्याळाकडे बघू लागले. शेवटी मी हात जोडले आणि म्हटलं, विमल, कॉम्प्युटर शिकतलंय गो, क्लास काढतलंय. कावळा भुर्रकन खाली आला आणि भाताला चोच लावली.

दोन वर्षं ती हेच तर सांगत होती. टायपरायटरचे दिवस सरले, कॉम्प्युटर शिका, नायतर इन्स्टिट्यूटला टाळं लावा. मी म्हणायचो, बघू.

आता बघू नाही. दिवाळीला बोर्ड बदलणार. शंकर टायपिंग अँड कॉम्प्युटर क्लास.

१४ जून
इन्स्टिट्यूटच्या खाली नुरुद्दीनचं पुस्तकांचं दुकान. त्याच्याकडून वर्ड शिकवणारं पुस्तक घेतलं. जाडजूड. मुखपृष्ठावर टाय लावलेला माणूस हसतोय. तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, नाव घातलं, प्रस्तावना वाचली. प्रस्तावना उत्तम. शेवटी लेखकाने पत्नीचे आभार मानलेत. पुस्तक मिटलं.

उद्यापासून रोज एक धडा.

२९ जून
धडा पहिला अजून चालू. दोष पुस्तकाचा. लिहिलंय, समोरच्या पडद्याकडे पाहा. माझ्यासमोर भिंत आहे, भिंतीवर कॅलेंडर. मशीन नसताना शिकवील असं पुस्तक द्या म्हणून नुरुद्दीनला सांगितलं. त्याने दुसरं दिलं, त्यात चित्रं जास्त. त्यालाही कव्हर घातलं.

विद्यार्थी घटले. पोरं स्टँडजवळच्या नव्या कॉम्प्युटर क्लासात जातात. तिथे एसी आहे म्हणे. एसीने स्पीड वाढत नाही.

१२ ऑगस्ट
मशीन आलं! संजनाच्या कुडाळच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, जुन्यातला एक तिने मागून आणला. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला, विमलच्या खुर्चीसमोर. तिथे बसून ती पोरांच्या चुका काढायची. माझ्याही काढायची.

बसलो. ओळ संपली की डावा हात आपोआप वर जातो, रोलर ढकलायला. पहिल्याच ओळीला चहाचा कप ढकलला. संजना म्हणाली, बाबा, जरा हळू, बटणां मोडतली. आयुष्यभर टायपरायटर बडवलेला हात, हळू कसा व्हायचा? माऊस मात्र टेबल संपलं की पुढे जात नाही. मोठं टेबल लागेल.

१६ ऑगस्ट, दुपार
घडलं ते लगेच लिहून ठेवतो.

संजना कुडाळला परतली. बाहेर अंधारून आलेलं, बाजारात चिटपाखरू नाही. मशीन लावलं. काहीतरी टाइप करायचं म्हणून सवयीने पत्र घेतलं. डिअर विमल लिहिलं आणि खालच्या ओळीवर आलो.

काचेवर टकटक. आतून.

पडद्याच्या कोपऱ्यात एक यू-पिन, कागदांना लावतात तसली. तिला दोन डोळे. भुवया. भुवया वर करून माझ्याकडे बघत होती. वर इंग्रजीत लिहिलेलं, पत्र लिहिताय असं दिसतंय, मदत हवी का?

असं विचारणारं माणूस जगात एकच होतं. मी लिहायला बसलो की पाठीमागून यायची. पत्र लिवतास? माका दाखवा आदी. भुवया तर हुबेहूब त्याच.

बटण बंद केलं आणि जिना उतरून नुरुद्दीनकडे जाऊन बसलो. त्याला काही सांगितलं नाही. वर्डचं तिसरं पुस्तक घेतलं.

२० ऑगस्ट
शास्त्रीय बुद्धीने विचार करायचं ठरवलं. तिन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका वाचल्या. प्रत्येकात 'पडद्यावरचा मदतनीस' अशा अर्थाचा धडा आहे. तो वाचला नाही. धडे क्रमानेच वाचावेत, मधूनच उघडले की पाया कच्चा राहतो.

३ सप्टेंबर
सराव जोरात. रोज जेवून वर येतो. डिअर विमल लिहितो, टकटक होते, मग दिवसभराचं सांगतो. बांगडा महाग झाला. तुझी अबोली कोमेजली होती, पाणी घातलं. बाबली अजून कौलं बदलतोच आहे. हात थांबला की तिचे डोळे मिटतात. दुपारी पेपर तोंडावर घेऊन अशीच पेंगायची. मी कुठलंही अक्षर दाबलं की दचकून जागी होते, आणि झोपलेच नव्हते असा चेहरा करते. तोसुद्धा तसाच.

भीती? पहिल्या दिवशी वाटली. आता सकाळी उठल्यापासून दुपारची वाट बघतो.

सगळं सांगून झालं की मशीन बंद. सेव्ह करणं पुढच्या धड्यात आहे.

अभ्यास : धडा दुसरा बाकी.

२३ सप्टेंबर
परवा बाबली न सांगता वर आला. टकटक ऐकली, डोळे बघितले आणि उलट्या पावली खाली पळाला. म्हणाला, भावोजी, हय गाऱ्हाणां घालूक व्हया. नको म्हटलं. ऐकतो कोण?

आज नारळ, विडा आणि वाडीतली चार माणसं घेऊन हजर. मशीनसमोर हात जोडून उभा राहिला. बा देवा म्हाराजा, ह्या मशिनीत जर काय वायट शिरला आसात, कोणाची सावली पडली आसात, तर ता भायर काढ रे म्हाराजा! सगळे ओरडले, व्हय म्हाराजा! मी गप्प. बाबलीने डोळे वटारले, पुन्हा म्हटलं. पुन्हा सगळे, व्हय म्हाराजा! मी खोकलो. तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, नको म्हाराजा!

सगळे माझ्याकडे बघू लागले. नारळ फोडायचा राहिला तो राहिलाच. गाऱ्हाण्यात मोडता घालणारा माणूस मी पयलोच बघितलंय, असं बाबली जिन्यावरून बडबडत गेला.

ते गेल्यावर घाबरत घाबरत मशीन लावलं. टकटक झाली. हुश्श.

१० ऑक्टोबर
चूक सापडली. वर्डपासून सुरुवात केली हीच चूक. आधी प्रोग्रामिंग यायला हवं. नुरुद्दीनकडे सी लँग्वेजचं पुस्तक मागितलं, तर देईना. म्हणाला, मास्तरानू, मी इकणारो माणूस, माका काय! पण आदी एक तरी पुरा करा मां. कपाटात ठेवल्यार पुस्तकां काय पिलां घालतली? तोंडाळ माणूस. शेवटी घेतलंच. प्रस्तावना इंग्रजीत आणि अत्यंत कठीण. म्हणजे दर्जेदार असणार.

२७ ऑक्टोबर
पेंटर बोर्डाचं विचारून गेला. दिवाळीनंतर बघू म्हटलं.

सलोनी, माझी उरलेली एकुलती विद्यार्थिनी, तिने विचारलं, सर, कॉम्प्युटर कधी शिकवणार? म्हटलं, माझा अभ्यास चालू आहे. ती म्हणाली, सर, माका परीक्षेक बसूचा आसा, आता वाट बघूक जमाचा नाय. नमस्कार करून गेली. सगळ्या टायपरायटरवर कव्हरं घातली. खोली फार शांत झाली.

खरं तर मनावर घेतलं तर आठवड्यात शिकेन. पण शिकलो की शब्द पुरा झाला. शब्द पुरा झाला की विमल सुटली. मग दुपारी जेवून मी कुठे जायचं?

हे उगाच लिहिलं. मुद्दा असा की हल्ली पुस्तकांचा दर्जाच घसरलाय.

१४ नोव्हेंबर
यंदा आमच्याकडे दिवाळी नाही, पण संजनाला सुट्टी. आल्या आल्या कपाट उघडलं. एकेक पुस्तक काढून बघितलं. सगळी कोरी. एकेक परत जागेवर लावलं. मग खुर्ची ओढून बाजूला बसली. आवशीक शब्द दिलास मां? मगे बसा. मीच शिकवतंय.

सेव्ह शिकवलं. समास, तक्ता, ठळक अक्षर. जमू द्यायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण बोटं ऐकेनात. एकदा दाखवलं की येत होतं. संजना खूश. म्हणाली, बाबा, ह्यां तर तुमका जूनमधीच इला असता!

मग म्हणाली, एक पत्र लिहून दाखवा. मी जपून रिस्पेक्टेड सर लिहिलं. ती म्हणाली, तसं नको, डिअर लिहा. लिहिलं. टकटक झाली.

संजना वैतागली. म्हणाली, ह्यो सारको मधी मधी करता, आमच्या ऑफिसात पण सगळ्यांका तरास, पयलो ह्येका घालवया. मी नको म्हणेपर्यंत तिने क्लिक केलं. भुवया हलल्या आणि गेली.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. पोर दचकून उठली. पडद्याकडे बघितलं, आईच्या खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, बाबा, परत हाडूक येता. ह्यां बघा, हय मेनूत आसा. क्लिक केलं, तो मदतनीस परत आला. माझी खात्री पटावी म्हणून पुन्हा घालवला, पुन्हा आणला.

तिने प्रेमाने केलं. पण जो कोणीही बोलावला की येतो आणि कोणीही घालवला की जातो, तो…

नंतर लिहितो.

१७ नोव्हेंबर
संजना कुडाळला गेली. पेंटरला हो म्हणून सांगितलं. सलोनीच्या घरी निरोप धाडला, सोमवारपासून ये.

दुपारी जेवून मशीन लावलं. संजना जाताना त्याला कोपऱ्यात ठेवून गेली होती, माझ्यासाठी. डिअर विमल लिहिलं. टकटक झाली. भुवया वर झाल्या. बराच वेळ निरखून बघितल्या. यू-पिनच्या भुवया आहेत.

मेनू उघडला आणि माझ्या हाताने घालवला. मग पत्र शेवटपर्यंत लिहिलं, समास घेतला, सेव्ह केलं. एकही चूक नाही.

विमल, माका कॉम्प्युटर इलो गो.