आक्काला कातळ भाजत न्हाई

मुळशी,
१६ मार्च २०२५, आइतवार

चि. निरंजनास थोरल्या बहिनीचे अ. उ. आ. आन् प्रभूत सलाम.

पत्र पियूषच्या हाती देतेया. हिंजवडीला कंपनीची गाडी न्यायच्या आदी नेऱ्याला तुज्या दारात टाकंल. पाकीट डिंकानं चिकटवलंय. माझा ल्योक काय वाचत न्हाई, पन सूनबाई मोनाली पाकिटाकडं बघती तवा तिची मान लांब व्हती. फोन करावा तर रेंजपायी पार रस्त्यावर जावं लागतं, आन् तितं धरन बघायला आल्याली पोरं-पोरी माझं बोलनं ऐकून हसत्यात.

सुलक्षणाचा खुबा जुळतोय का? तिला म्हनावं, नवऱ्याकडनं सेवा करून घ्यायची संधी पुन्यांदा न्हाई यायची, लगीच उठू नगंस.

आमच्या चर्चच्या मंडळीत ईस्टरच्या सनाआदीचे लेंतचे उपास चालू हायेत. कुनी च्या सोडला, कुनी मटान. हैबतरावानं मिशीला कलप लावायचा सोडलाय, त्यामुळं उपास कुनाचा ते लांबनंच कळतं. च्या सोडला तर मी कुनाला तरी चावंल, म्हनून म्या चपला सोडल्या. सन व्हईपतूर अनवानी.

आन् ऐक. बुदवारी डोंगरावर धाकलूच्या घरी घरसभा हुती. भर दुपार, वाटंत तो काळा कातळ. बाया चपला घालूनबी चवड्यावर नाचत हुत्या. मी निवांत उभी राहून अख्खं गीत म्हनलं. चटकाबी लागला न्हाई! आज देवळात पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. म्या म्हनलं, प्रभूनं माज्या पायाखाली गारवा घातला. दोन बाया रडल्या. मी मान खाली घालून जाग्यावर आले, पन कोन कोन बघतंय ते डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघून घेतलं.

बहिनीवरची माया पातळ व्हऊ देऊ नगंस.
तुजी आक्का, आशालता


नेरे,
१९ मार्च २०२५

ती. आक्कास निरंजनचा सा. न. व प्रभूत सलाम.

तुझं पत्र सुलक्षणाला वाचून दाखवलं. हसताना तिचा खुबा दुखला, म्हणून तिने तुला दोन शिव्या पाठवल्या आहेत. पोचल्या समज.

पण कातळाचं वाचलं आणि माझं हसू गेलं. कातळ सगळ्यांना भाजतो आणि तुला भाजत नाही, ही साक्ष नव्हे आक्का, ही तक्रार आहे. साखरेच्या गोळ्या घेतेस ना? आईचं आठव. चुलीतला निखारा तिच्या टाचेखाली गेला आणि ती भाकरी थापत बोलतच राहिली. आपल्याला वास आला तेव्हा कळलं. तिचा पाय शेवटी गुडघ्यातून काढावा लागला. तिलाही आधी काही दुखत नव्हतं.

चपला घाल. तळव्याला रोज आरसा लावून बघ, नाहीतर मोनालीला बघायला सांग. सण होईपर्यंत थांबू नकोस. तू मला पंचसाहेब म्हणून चिडवतेस ना, मग मंडळीच्या पंचाचा हुकूम समज.

सुलक्षणा अजून भिंत धरूनच उठते, तिला टाकून मला निघता येत नाही. तू म्हणालीस तर मात्र काहीतरी सोय करून येतो.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही.
तुझा निरंजन


मुळशी,
२५ मार्च २०२५

चि. निरंजनास अ. उ. आ.

पंचसाहेबांचा हुकूम पोचला. सलाम ठोकला. पाय माझा आन् घोर तुला, आसं कसं रं? येऊबिऊ नगंस. आजारी बायकू टाकून धडधाकट बहिनीकडं आलास, तर नेऱ्याची मंडळी काय म्हनंल?

चपला घालीन, पन सन झाल्यावर. दिल्याला शबूद मोडायचा व्हय? तुज्या जिवाला बरं वाटावं म्हनून मोजं घातल्यात, पियूषचं जुनं. डाव्या तळव्याला येक फोड आला हुता, तो फुटला. हळद भरली. दुखत न्हाई. दुखत न्हाई म्हंजी काय न्हाई, येवढं तर गावच्या शाळंतबी शिकवलंय. गोळ्याचं म्हनशील तर उपासात गोळी कशी खायाची? सन झाला की दोन दोन खाईन.

मोनालीला म्हनं पाय दाखीव! जिला दोन वर्सं मी भाकरी गोल करायला शिकवतेया, आन् अजून तव्यावर मुळशी तालुक्याचा नकाशा येतो, तिच्यापुढं मी तंगडी पसरू?

मला पायांचं काय सांगतूस. पवित्र गुरुवारी, प्रभूनं शिष्यांचं धुतलं तसं, पाळकसाहेब बारा जनांचं पाय धुत्यात, तवा पानी कोन तापवतं? परात कोन धरतं? वाकून वाकून माझी कंबार जाती. हैबतराव तर दरसाली घरनंच पाय साबनानं घासून, पावडर मारून येतो, म्हंजी प्रभूच्या सेवकाला धुवायला कायबी उरू नये! मी कदी त्या बारांत बसले न्हाई, बसनारबी न्हाई. मी परात धरनारी बाई. आपली जागा खाली.

सुलक्षणाला गोड पापा. माज्यावर लोभ आसंल तर पाय सोडून दुसरं कायतरी लिव्ह.
आक्का


मुळशी,
४ एप्रिल २०२५

ती. मामांस मोनालीचा सप्रेम सलाम.

आईंना न सांगता लिहितेय. रिसॉर्टवर ड्युटीत मोबाईल जमा करून घेतात, आणि घरी रेंज नाही. शिवाय फोनवर मला रडूच येईल. पियूषला म्हटलं, पाकीट फक्त मामांच्याच हातात द्यायचं.

मामा, आई एवढ्या उन्हात दिवसभर मोजे घालून असतात. झोपतानासुद्धा. डावा पाय ओढत चालतात, विचारलं तर म्हणतात लचकलाय. मी पाय बघू का म्हटलं, तर म्हणाल्या, तू तुझ्या हाटेलातल्या चादरींच्या घड्या कर. पियूषला तर त्या एका जोकमध्ये उडवतात आणि तो हसत गाडीवर जातो.

घरात वास येतोय. आई म्हणाल्या, माळ्यावर उंदीर मेलाय. पियूषने सुट्टीच्या दिवशी अख्खा माळा उपसला. उंदीर नाही सापडला. आणि काल त्यांनी मोजा धुवायला काढून अंगणात ठेवला होता, मी दळण घेऊन आले तर मोज्याला मुंग्या लागलेल्या. मला बघून त्यांनी तो पटकन पदराखाली घेतला, मुंग्यांसकट.

माझं त्या ऐकत नाहीत, आणि मीही जास्त बोलू शकत नाही. तुम्हीच काहीतरी करा. मला खूप भीती वाटतेय.

मामींना सांभाळा. आमच्यावर लक्ष असू द्या.
तुमची मोनाली


नेरे,
७ एप्रिल २०२५

ती. आक्कास सा. न. व सलाम.

मला सगळं कळलंय. कुणाकडून ते विचारू नकोस आणि घरात कुणाला बोलू नकोस. उंदीर माळ्यावर नाही आक्का, मोज्यात आहे. आजच्या आज दवाखान्यात जा. पियूषला मी सांगणार होतो, पण तुझ्या मर्जीशिवाय तो तुला गाडीत घालू शकणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तुलाच विनवतो.

दुसरं म्हणजे, मी पाळकसाहेबांना फोन केला. कारण सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, यंदा आक्काला बारांत घ्या. त्यांना आनंद झाला, नाव घातलंय. दवाखान्यात गेली नाहीस, तर निदान गुरुवारी तरी मोजा निघेल.

चिडशील. चीड. पण मला एक सांग, एवढी वर्षं तू परात धरलीस, घरोघरी भाकरी पोचवल्यास, दुसऱ्यांची आजारपणं काढलीस. कुणाकडून कधी काही घेतलंस? परात धरणाऱ्याला कुणापुढे पाय उघडा करावा लागत नाही. प्रभू पाय धुवायला वाकला त्या रात्री एका शिष्यानेसुद्धा आधी नाहीच म्हटलं होतं. त्यालाही ती नम्रताच वाटली असेल. गुरूने ती चालवून घेतली नाही.

आईच्या वेळी मी लहान होतो म्हणून गप्प बसलो. आता गप्प बसणार नाही.

भावाला परका करू नकोस.
निरंजन


मुळशी,
१४ एप्रिल २०२५

श्री. पंचसाहेब, नेरे, यांस सलाम.

काल झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेबांनी बारा नावं वाचली. हैबतरावाच्या मागनं माझं. सगळी मंडळी वळून बघाया लागली. म्या झावळी तोंडाफुडं धरली.

सख्ख्या बहिनीचा मोजा मंडळीफुडं काढायचा बेत केलास? शाब्बास! लहानपनी माज्या वेनीला शेपटी बांधायचास, त्यातलाच हा परकार. आन् कुनी कळवलं ते न कळायला मी काय कुकुलं बाळ हाय? मोनालीला कायबी बोलले न्हाई. फकस्त दोन दिस तिच्याशी बोललेच न्हाई.

गुरुवारी मी देवळात जानार न्हाई. लगीन झाल्यापास्नं पहिली खेप. पानी कुनीबी तापवंल, परात कुनीबी धरंल, त्यांचं काय आडत न्हाई. दवाखान्याचंबी सन झाल्यावर बघू.

हितनं फुडं पत्र लिव्हलंस तर हवापान्याचं लिव्ह.
आशालता

ता. क. आईच्या पायाला पहिल्यांदा कंचा रंग आला हुता? बोटांकडनं काळं पडत गेलं का टाचंकडनं? उगा इचारलं.


पुणे, इस्पितळ,
१९ एप्रिल २०२५, शनवार

चि. निरंजनास आक्काचे आशीर्वाद आन् प्रभूत सलाम.

अक्षर वाकडं आलंय, हाताला सलाईन हाय. पियूषनं फोन केला तवा तुला निम्मंच कळलं आसंल, तो निम्मा येळ रडतच हुता म्हनं. बाकीचं मी सांगते.

गुरुवारी मी खरंच गेले न्हाई. सांच्याला सगळी देवळात, मी अंगनात बाजंवर लसून सोलत. वाटलं, आता हैबतरावाची पावडर परातीत उतरली आसंल. तेवढ्यात मोनाली येकलीच माघारी आली. माझी खुर्ची रिकामी ऱ्हायली म्हनून पाळकसाहेब तिला म्हनलं, सासूच्या जागी तू बस. ती म्हनली, ती जागा माझी न्हाई, आन् सरळ उठून घरी आली.

चुलीवरचं पानी तिनं आपल्या पीठ मळायच्या परातीत ओतलं, खांद्यावर टॉवेल टाकला आन् माज्याफुडं भुईवर बसली. म्या म्हनलं, पाळकीनबाई, तुमचा पाळक कुटं ठिवला? हसली न्हाई. म्हनलं, भाकरी गोल येईना आन् निघाली पाय धुवाया. तरी हसली न्हाई. म्हनलं, उंदीर बाहीर येईल हां. तवा तिनं मान वर केली. डोळं गच्च भरल्यालं. माज्याकडं आनखी मस्करी शिल्लक नव्हती रं. म्या सोताच मोजा काढला.

जे दिसलं ते लिव्हत न्हाई. तिनं नाकाला पदर लावला न्हाई, येवढं लिव्हते. मी आजवर कितीकांच्या पायांशी वाकले, आन् मला वाटायचं, बग आशालता, तू कशी खाली बसतीस. पन परात माज्या हातात आसायची, पानी माझं आसायचं. परवा मी बाजंवर वर बसले हुते आन् सून भुईवर, तरी तिच्याफुडं मी येवढीशी झाले.

तिनं इचारलं, आई, पानी लई कडक न्हाई ना? मला सांगता येईना. पाय पान्यात हुता, आन् ते गरम हाय का गार ते मला म्हाइतच नव्हतं. तवा उमगलं. कातळावरबी गारवा नव्हता, निरंजन. कायच नव्हतं. आन् म्या मंडळीफुडं उभं राहून त्याला प्रभूचं नाव दिलं.

पियूष देवळातनं आला तशी तिनं मला ओल्याच पायानं त्याच्या गाडीत घातलं. काल उत्तम शुक्रवारची भक्ती आटपून पाळकसाहेब हितं आलं. म्या त्यांना म्हनलं, आइतवारी सनाला मंडळी भरंल तवा सांगा, आशालताबाईला गारवा न्हाई, साखर हाय, आन् कुनी तिचं बघून चपला सोडल्या आसतील तर घाला. ते म्हनलं, बरी झालीस की तूच सांग. म्या म्हनलं, मला यायला किती दिस लागत्यात कुनाला ठाव, तुमीच सांगा.

सोमवारी आपरेशन हाय. दोन बोटं तर जानारच. पाय ऱ्हातो का न्हाई, ते उघडून बघितल्याबिगर डाक्टर बोलत न्हाईत. मोनालीनं रिसॉर्टातनं रजा काढलीया, माज्या उशाला बसून आसती. काल तिनं मला भरवलं आन् म्या खाल्लं.

पियूष तुला हे पत्र दिऊन आज सांच्याला नेऱ्यावरनंच माघारी येनार हाय. सुलक्षणाला इचार, दोन दिस तिच्यापाशी शेजारपाजारचं कुनी ऱ्हाईल का. तिला जमत नसंल तर राहू दे, मी रुसनार न्हाई. पन जमत आसंल तर त्याच्या गाडीत बस. आत नेत्याल तवा दारापतूर तू पायजे. मला लई भ्या वाटतंय रं.

तुज्या मायेची वाट बघनारी,
आक्का