जेवणाच्या थकबाकीचा शिक्का नातीऐवजी आजोबांच्या हातावर मारण्याबाबत

प्रति,
मा. संचालिका,
आहार सेवा विभाग,
टर्नी फोर्क शालेय जिल्हा, ओहायो.

अर्जदार : होबर्ट टॅकेट, चालक, शालेय बस क्र. १४, तसेच कु. मार्ली टॅकेट (इयत्ता चौथी) हिचे आजोबा व पालक.

विषय : थकबाकीचा शिक्का यापुढे ज्याची थकबाकी आहे त्याच्याच हातावर, म्हणजे माझ्या हातावर मारण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) सवलतीच्या जेवणास नकार देणारे आपले पत्र, दि. ३ ऑक्टोबर.
२) आपल्याशी फोनवर झालेले बोलणे, एकूण सतरा मिनिटे, पैकी चौदा मिनिटे थांबवून ठेवल्याचे संगीत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून, आपल्या विभागाच्या शिस्तीबद्दल पूर्ण आदर राखून, पुढील गोष्टी सादर करीत आहे. मी बारा वर्षे या जिल्ह्याची बस चालवतो. अर्ज लिहायची सवय नाही, तेव्हा कुठे शब्द वाकडा गेला तर वळणावर बस जरा जास्त कलली असे समजून घ्यावे.

१. माझी नात मार्ली ऑगस्टपासून माझ्याकडे राहते. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, कोलंबसला उपचार घेत आहे. त्यासाठी आपल्या छापील अर्जात रकाना नाही, म्हणून मी तो मजकूर समासात लिहिला होता. अर्जात मागच्या महिन्याची कमाई विचारली होती, ती मी पैशापैशाने खरी लिहिली. मागचा महिना सप्टेंबर होता आणि सप्टेंबरात फुटबॉल असतो. दर शुक्रवारी आपल्या जिल्ह्याचा संघ मीच बाहेरगावी घेऊन जातो आणि त्या फेऱ्यांचे जादा पैसे मला जिल्हाच देतो. त्या पैशांमुळे माझी कमाई मर्यादेच्या अकरा डॉलर वर गेली. संघ चारही सामने हरला, पण मी श्रीमंत झालो. शहाण्या चालकाने हा अर्ज जानेवारीत करायचा असतो, हे मला नंतर इतर चालकांनी सांगितले. आम्ही टर्नी फोर्कचे लोक फुटबॉलच्या हंगामात धनवान असतो आणि बर्फ पडले की गरीब होतो, याची नोंद आपल्या विभागाने घ्यावी.

२. जेवणाची पूर्ण किंमत माझ्या पगारातून कापून घ्यावी, अशी विनंती मी वाहतूक कार्यालयात केली. ते म्हणाले, जेवण आमच्याकडे येत नाही. आपल्या विभागात आलो, तर पगार आमच्याकडे येत नाही असे कळले. दोन्ही खिडक्या एकाच मजल्यावर, एकाच नळाचे पाणी पिणाऱ्या. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी माझी गत झाली. त्याच महिन्यात माझ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला आणि मार्लीच्या जेवणाच्या खात्यावर सत्तावीस डॉलर थकले. ही थकबाकी माझी आहे. मी ती कधीही नाकारलेली नाही.

३. आता आपल्या भोजनगृहाच्या पद्धतीविषयी. मूल रांगेत उभे राहते, गरम ताट घेते आणि पैशांचे यंत्र रांगेच्या अगदी शेवटी असते. यंत्र लाल झाले की ताट काढून घ्यायचे. काढून घेतलेले ताट आरोग्याच्या नियमाने दुसऱ्या मुलाला देता येत नाही, म्हणून ते त्याच मुलासमोर कचऱ्यात जाते. मग मुलाला थंड चीज सँडविच मिळते आणि त्याचेही पैसे थकबाकीत मांडले जातात. म्हणजे जेवण वाचावे म्हणून जेवण फेकायचे. इतका खोल विचार करायला शिक्षण लागते, आणि माझे बारावीपर्यंतच झाले आहे. यंत्रावर बसणाऱ्या मिस ड्रेमा माझ्याच गल्लीत राहतात. मार्लीचे ताट काढून घेतले त्या दिवशी संध्याकाळी त्या स्वतः माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "होबर्ट, माझ्यावर रागावू नकोस बाबा. कोंबडीचे तुकडे होते, बटाट्याचा लगदा होता. पोरीनं एक तुकडा तोंडात घातला होता, तो तिनं बाहेर काढून ताटात ठेवला. मी म्हटलं, अगं, तो काढायला नव्हतं सांगितलं, तो खा. तर म्हणाली, नको, तो पण तुमचाच आहे." मिस ड्रेमा माझ्या पायरीवर बसून रडल्या. त्यांची तक्रार करण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांना नोकरी टिकवायची आहे.

४. त्यानंतर शिक्का. जांभळ्या शाईत, हाताच्या पाठीवर : "मला जेवणाचे पैसे हवेत." महोदया, हे वाक्य मार्लीचे नाही. मार्लीने आयुष्यात माझ्याकडे पैसे मागितलेले नाहीत, चपला लहान झाल्या तरी ती बोलत नाही. हे वाक्य आपल्या विभागाचे आहे आणि ते लिहायला आपण कागद म्हणून माझी नात वापरली. फोनवर आपण मला समजावून सांगितलेत, "मिस्टर टॅकेट, ती शिक्षा नाही हो, ती फक्त आठवण आहे. मुलं चिठ्ठ्या हरवतात, हात हरवत नाहीत." हे अगदी खरे आहे. मार्लीने हात हरवला नाही. तिने तो भांडी घासायच्या तारेने घासला. शाई गेली नाही, कातडी गेली. मी मलम लावताना ती म्हणाली, "पॉपॉ, फार दुखत नाहीये. तू बघू नकोस." मला त्या वेळी आपला इतका राग आला की मी बाहेर जाऊन बंद पडलेल्या गाडीत बसून राहिलो.

५. ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला पगार झाला आणि मी सगळी रक्कम भरली. सोळा तारखेला मार्लीच्या हातावर पुन्हा शिक्का होता, कारण भरलेले पैसे यंत्राला दिसायला दोन कामकाजाचे दिवस लागतात. उधारी मात्र त्याला त्याच क्षणी दिसते. अशी नजर मला बस चालवताना मिळाली असती तर बरे झाले असते. आज खाते हिरवे आहे. पुढच्या महिन्याचेही पैसे मी आत्ताच भरून ठेवले आहेत. पण मार्ली आता भोजनगृहात जातच नाही. जेवणाच्या सुट्टीत ती ग्रंथालयात बसते आणि विचारले की म्हणते, "मला दुपारी भूक लागत नाही." घरून डबा देतो, तो तसाच परत येतो, कारण डबाही त्याच भोजनगृहात बसून खायचा असा नियम आहे. नऊ वर्षांच्या मुलीला दुपारी भूक लागत नाही, यावर आपला विश्वास बसेल. माझा बसत नाही. ती वाळत चालली आहे आणि मला ते रोज बसच्या आरशात दिसते, कारण ती माझ्या मागच्याच बाकावर बसते.

६. चालक या नात्याने एक सुरक्षेचा मुद्दा नोंदवणे माझे कर्तव्य आहे. चालक पुस्तिकेप्रमाणे बसमध्ये चढताना प्रत्येक मुलाने दांडा धरला पाहिजे. शिक्का मारलेली मुले हात बाहीत ओढून चढतात. माझ्या बसमध्ये अशी सात मुले आहेत. मला त्यांना "हात बाहेर काढ, दांडा धर," असे सांगावे लागते, आणि ते सांगण्याचा पगार मला जिल्हा देतो. कुणी पायरीवरून पडले तर वाहतूक विभाग विचारेल, आहार विभाग नाही. तरीही शिक्का चालू ठेवायचाच असेल तर तो कपाळावर हलवावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. ही सूचना आपण गंभीरपणे घ्याल अशी मला भीती वाटते, म्हणून ती मी इथेच मागे घेतो.

७. सबब माझी विनंती अशी. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याऐवजी शिक्का थकबाकीदाराच्याच हातावर मारावा. माझ्यापासून सुरुवात करावी. सकाळची फेरी संपवून मी रोज अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, हात धुऊन, रांगेच्या शेवटी हजर राहीन. खाते हिरवे असले तरी मारावा, तेवढी माझी मागची बाकी आहे. माझा हात मोठा आहे, पूर्ण वाक्य नीट बसेल आणि जागा उरेल. वसुलीच्या दृष्टीनेही हे फायद्याचे आहे. मुलाचा हात एक आई पाहते. माझा हात रोज बावन्न मुले आणि एकोणीस थांब्यांवरचे पालक पाहतील. शुक्रवारी सामन्याच्या दारात, जिथे खेळाडूंच्या नव्या शिरस्त्राणांसाठी वर्गणीचा डबा असतो, तिथेही मी हात वर करून उभा राहीन. तो डबा दर वेळी भरतो. शिरस्त्राणासाठी मुलांच्या हातावर कुणी शिक्का मारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

८. हा अर्ज मी दोन आठवडे खिशात बाळगत होतो आणि पाठवणार नव्हतो. काल दुपारी जे घडले त्यामुळे पाठवत आहे. बसमध्ये ओपल नावाची बालवर्गातली मुलगी आहे, पाच वर्षांची. काल तिच्या हातावर पहिल्यांदा शिक्का आला. तिला अजून वाचता येत नाही. तिला वाटले बक्षीस मिळाले, आणि ती पायऱ्या चढतानाच हात उंच धरून सगळ्यांना दाखवू लागली. मोठी मुले खिडकीबाहेर पाहू लागली. ती मार्लीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "वाच ना. काय लिहिलंय माझ्यावर?"

मी आरशातून पाहत होतो. मार्लीने तो हात आपल्या हातात घेतला, नीट वाचल्यासारखे केले आणि म्हणाली, "लिहिलंय, ओपल आज फार छान वागली."

ओपलने घर येईपर्यंत तो हात कशालाच लागू दिला नाही. दांडाही धरला नाही, शाई पुसली जाईल म्हणून. मीही तिला धर म्हणालो नाही. तिला तो आईला दाखवायचा होता.

अर्जाच्या निकालास आपल्या विभागाला तीस कामकाजाचे दिवस लागतात, असे आपल्या खिडकीवर लिहिले आहे. ओपलची शिक्षिका चांगली आहे. ती म्हणते, हा वर्ग नाताळापर्यंत वाचू लागेल. तरी कृपा करून त्याच्या आत निर्णय व्हावा.

उत्तराची वाट पाहणारा, आपल्याच जिल्ह्याचा नोकर,

(सही)
होबर्ट टॅकेट
दि. १४ नोव्हेंबर