तलावाचे हक्कदार

मु. पळसटोला, चिमूरपासून सात कोस
ता. १४ मार्च १९५४

सौ. भागीरथाबाईस धाकट्या भावाचा, दौलतचा दंडवत.

बाई, तुझी तिन्ही पत्रं पोचली. कामामुळे उत्तराला उशीर झाला असं लिहायला बसलो होतो, पण तू ते खरं मानणार नाहीस, म्हणून सोडून देतो. आम्ही खुशाल आहोत. तुझ्या भावजयीचा, रंभाचा खोकला गेला. लाखोळीचं पीक कापून झालं, मोहफुलं पडायला लागली. पहाटेपासून सारं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली असतं आणि पटवाऱ्याला कुत्रं विचारत नाही. मुलं कशी आहेत? भाऊजींचा गुडघा?

चांद्याला कधी येतोस, असं तू तिन्ही पत्रांत विचारलंस. वरची खोली सारवलीस, खाटही आणलीस, हे वाचून रंभा दोन दिवस चांद्याच्या बाजाराच्याच गोष्टी करत होती. त्याकडे येतो. आधी इथली एक गंमत ऐक.

मालगुजारांची जमीनदारी गेल्यापासून गावोगावचं निस्तार पत्रक भरायचं काम आम्हा पटवाऱ्यांकडे आलं आहे. गावानं कुठल्या रानातून सरपण आणायचं, कुठल्या कुरणात गुरं चारायची, कुठलं पाणी वापरायचं, हे सगळं त्यात हक्क म्हणून लिहायचं. आजवर ते मालगुजाराच्या मर्जीवर चाले. काम चांगलं आहे, मला आवडतं. पौषात मी गुरं जमतात त्या आखरावर गाव जमवलं आणि एकेक रकाना भरत गेलो. तलावाचा आला. धानाला पाणी, गुरांना पाणी, धुणं, शिंगाडे, सगळं लिहून झालं. पेनाला टोपण लावणार, तेवढ्यात सोमारी म्हातारी म्हणाली, "आन् रातीचं?"

ही सोमारी गावात सगळ्यात म्हातारी. वय विचारलं तर शिव्या देते. तिचं म्हणणं कळायला इथली रीत सांगावी लागेल. दिवस मावळला की तलावावर कुणी जात नाही. घरात घागर रिकामी असली तरी नाही. ती वेळ रानाची. चितळ, सांबर, डुक्कर, कधी वाघ, येतात, पाणी पितात, जातात. यात भिण्याबिण्याचा भाग नाही, ही माणसं दिवसा त्याच वाघाच्या रानात एकटी फिरतात.

मी हसलो. म्हटलं, "जनावरांचं काऊन लिहावं, आजी?"

"काऊन म्हंजे? पेतेत ना ते. तुज्या सरकारच्या आंधीपासून पेतेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी लिहिलं. हक्कदार, रानातले सर्व जीव. हक्क, दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत तलावाचं पाणी. केव्हापासून, गाव वसण्याच्या आधीपासून. खाली गावानं अंगठे उठवले.

आता तू म्हणशील, दौलतचं डोकं फिरलं. तसं नाही. इथं आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात, रीत ठाऊक नव्हती म्हणून (खोटं कशाला बोलू, ठाऊक होती) मी दिवेलागणीला गळ टाकून तलावाच्या पाळीवर बसलो होतो. एक सांबरी पिलाला घेऊन आली. मला पाहून थबकली. पाय आपटला, कितीतरी वेळ उभी राहिली आणि तशीच तहानलेली मागे फिरली. मी मात्र मोठ्या ऐटीत मासोळ्या घेऊन आलो, त्यातल्या दोन सोमारीकडे धाडल्या. तिनं त्या परत पाठवल्या. रागावली नाही. "दुसऱ्याच्या पान्यातली आमी नाई खात," एवढाच निरोप. मास्तरांच्या छड्या खाऊन जी लाज वाटली नव्हती ती त्या दिवशी वाटली.

गंमत इथंच संपायची, पण तलावातल्या मासेमारीचा ठेका निघायचा होता. ठेकेदाराची माणसं कंदील लावून रात्रीच जाळी टाकतात. पत्रकात ही नोंद राहिली तर ते बंद. म्हणून तहसीलदार साहेब स्वतः आले. माणूस वाईट नाही, हसरा आहे. नोंद वाचून पोट धरधरून हसले. म्हणाले, "काय हो पटवारी, वाघाचा अंगठा कुठं आहे?"

सोमारी मागून म्हणाली, "पंजा हाये ना चिखलात. पाहून घ्या."

साहेब आणखी हसले. मग म्हणाले, "आजीबाई, तलाव माणसांनी खोदला. एका तरी सांबरानं मातीची पाटी उचलली का?"

मुद्दा बिनतोड होता. सोमारी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. "खड्डा आमी खोदला, सायेब. पानी कोनी खोदलं?"

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, हक्क माणसाला असतो. जनावरांवर दया करावी, मीही करतो. ही ओळ खोडा, सही करा. तुमच्या चांद्याच्या बदलीचा कागद माझ्याकडेच आहे. तुमच्या मेहुण्यांनी, गुणवंतरावांनी तुमच्यासाठी शब्द टाकलाय."

बाई, मी पेन उघडलं होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. तुझी वरची खोली डोळ्यांपुढं होती. पण 'दया' म्हटल्याबरोबर हात अडला.

आई-बाबा गेल्यावर काकांकडे आपण नऊ वर्षं जेवलो. काका चांगले होते, त्यांनी आपल्याला कधी उपाशी ठेवलं नाही. पण मी दुसऱ्यांदा भात मागायला तोंड उघडलं की तू ताटाआडून माझ्या मांडीला चिमटा काढायचीस. काकूचा चेहरा पाहून आपली भूक ठरायची. दया ही अशी असते, देणाऱ्याचं मन बरं असेल तोवर. साहेबांना हे कसं समजावणार? मी एवढंच म्हणालो, "साहेब, जे आपण दिलेलंच नाही ते खोडायचं कसं?" आणि पेन खिशाला लावलं.

बदली रद्द झाली. महिना झाला त्याला. तुला कळवायची छाती होत नव्हती, म्हणून तुझी तिन्ही पत्रं तशीच पडून राहिली. भाऊजींचा शब्द मी वाया घालवला. त्यांची माफी वेगळ्या कागदावर मागितली आहे, तेवढा कागद त्यांचं जेवण झाल्यावर दे. पत्रक साहेबांच्या शेऱ्यासकट वर गेलं आहे. नोंद राहते की जाते, देव जाणे. निकाल लागेपर्यंत ठेका थांबला आहे, म्हणजे यंदाचा उन्हाळा तरी निभावला.

रंभा रुसेल असं वाटलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, "मंग आता परसात मांडव घालून द्या. जाऊ जाऊ म्हनून दोन वर्सं वालाचा येल नाई लावला मी." मी दुसऱ्याच दिवशी बांबू आणून मांडव घातला. खरं सांगतो बाई, मी सुखात आहे. या गावात मन लागलं आहे. एक तुझी खोली तेवढी टोचते.

कारण ती खोली नुसती माझ्यासाठी नव्हती, हे मला कळतं. चांद्याएवढ्या शहरात तुझ्या माहेरचं म्हणावं असं कुणी नाही. लग्नानंतर तू काकांकडे एकदाच आलीस, तेही आधी कार्ड टाकून, 'येऊ का' असं विचारून. काकांनी 'ये' लिहिलं म्हणून आलीस आणि चौथ्या दिवशी परत गेलीस. त्या वेळी मी लहान होतो, काही बोलू शकलो नाही. आज बोलतो. चिमूरपर्यंत मोटार येते, पुढं कुणाचीही बैलबंडी मिळते. मुलांना घे आणि ये. महिना राहा, दोन महिने राहा. फक्त 'येऊ का' म्हणून कार्ड टाकू नकोस. तसलं कार्ड आलं तर मी ते फाडून चुलीत घालीन.

तुझ्या माहेरचा,
दौलत