खांबांची सावली

४ मे, सोमवार

खांब उभे राहिले. सकाळी बसमधून दिसले – हिंटरफेल्डच्या शेवटच्या थांब्यापाशी, बाबांच्या घरासमोर. नव्या इमारतीची उंची-रुंदी दाखवायला रोवलेले, बारीक, सहा मजले उंच, टोकाला आडव्या पट्ट्या. इमारत अजून कागदावरच आहे, पण ती कुठवर येणार हे आता आल्यागेल्या सगळ्यांना दिसतंय. खाली ट्रामचं वळण आणि थांबा, वर घरं. आराखडा माझा. नगररचनेतलं माझं पहिलं मोठं काम.

आता खांब महिनाभर असेच राहतील आणि शेजारपाजारच्या कुणालाही हरकत घेता येईल. एक जरी आली तरी प्रकरण कोर्टात, आणि ट्राम कित्येक वर्षं लांबणीवर.

५ मे

माझा वरिष्ठ उर्स, त्याला सांगितलं की माझे वडील समोरच राहतात. "हे तू जानेवारीत सांगितलंस," तो म्हणाला. "मार्चमध्येही." हरकती मी बघायच्या नाहीत हे तेव्हाच ठरलंय. तरी पुन्हा विचारून घेतलं.

१० मे, रविवार

बाबांकडे जेवले. आई गेल्यापासून ते बटाट्याच्या किसाची रोश्टी तेवढी करतात, आणि करपवतात. गुरुवारी गावात पत्ते खेळायला जाणं कधीच बंद झालंय. परतीची बस आठला संपते, कमरेमुळे चढ चालवत नाही. ट्राम आली तर जातील. मला त्या ट्रामबद्दल काही वाटतं ते एवढंच खरं, बाकी सगळं अहवालातलं.

जेवण झाल्यावर मला गॅलरीत नेलं. भिंतीवर खडूच्या खुणा. खांबाची सावली संध्याकाळी सरकते तशा ओढलेल्या. कडेच्या खांबाची सावली मधल्या भिंतीपाशी येऊन थांबते. म्हणजे बाबांचं ऊन जसंच्या तसं. भिंतीपलीकडे शेजारच्या नेगेलीबाई, इमारत झाली की त्यांच्याकडे दुपारनंतर अंधार.

"जन्मभर लोकांच्या घरांवर कौलं घातली," बाबा म्हणाले. "शिकली ती तू एकटीच. बापाचं ऊन राखलंस हो."

"मी नाही राखलं. मधे ते लिंडनचं झाड आहे. ते तोडता येत नाही, म्हणून इमारत सरकली."

"हो, हो. झाड." आणि डोळा मारला.

बाबांना असं वाटतं, तर बाकीच्यांना काय वाटेल?

११ मे

जुने नकाशे सगळे काढले. झाडामुळेच सरकली आहे, शंका नाही. पण सरकवल्यावर सावली कुठे पडते ते मी पाहिलं होतं. आणि पाहून बरं वाटलं होतं का? थोडं. हो.

उर्सला हेही सांगितलं. "झाड तू लावलंस का?" म्हणाला. "जा, जेवून ये."

१६ मे, शनिवार

बाबांचं धुणं करायला गेले. तळघरातल्या मशीनची पाळी बारापर्यंत बाबांची, मग नेगेलीबाईंची. त्या किल्ली घ्यायला आधीच येऊन दारात उभ्या.

"जाळीतला कचरा काढलास?"

"काढला."

"तुझी आई काढायची. तुझा बाप नाही काढत." मग किल्ली हातात घेत, "काय ग, तू ऊन वाटलंस म्हणे? एका दाराला अख्खं, दुसऱ्याला काहीच नाही?"

मला यावर बोलता येत नाही, असं म्हटलं. मग म्हटलं, तुम्हाला हरकत घ्यायचा हक्क आहे. १ जूनपर्यंत. लेखी द्यावी लागते. कुठे द्यायची तेही सांगितलं. मीच! पण त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर सांगितलंच असतं ना.

त्या हसल्या. "फुरर म्हणतच होते. ही पोरगी स्वतःविरुद्ध साक्ष देईल."

फुरर, म्हणजे बाबा, यांच्याशी बोलतात कधी? तीस वर्षं जिन्यात नुसतं 'नमस्कार नेगेलीबाई', 'नमस्कार फुरर'.

२४ मे, रविवार

बाबांच्या गॅलरीत दोन खुर्च्या. एकीवर निळी उशी, आपली नव्हे.

"व्हेरेनाला खुणा दाखवत होतो."

"कोण व्हेरेना?"

"अगं, नेगेलीबाई."

बाबांनी दाढी केलेली. नेगेलीबाईंना गोड बोलून गप्प करताहेत की काय, माझ्यासाठी? म्हटलं, बाबा, कृपा करून त्यांना काही मनवू नका, हे फार वाईट दिसेल.

"कोण मनवतंय?" म्हणाले. "तिच्याकडे ऊन जाणार. माझ्याकडे आहे. ये म्हटलं, बस." रोश्टी करपली नव्हती.

३० मे

बाबांना फोन करायचा नाही. विचारायचं नाही.

२ जून, मंगळवार

मुदत संपली. एकही हरकत नाही!

उर्सने कॉफीच्या मशीनपाशी सांगितलं, सहज, साखर ढवळता ढवळता. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुतलं, बाबांना फोन लावला. ट्राम येणार, म्हटलं.

"मग गुरुवारचे पत्ते सुरू," ते म्हणाले. "मात्र दोन तिकिटं लागतील."

नीट ऐकलं नाही तेव्हा. एकच टोचतं, नेगेलीबाई गप्प का राहिल्या?

७ जून, रविवार

बाबांच्या टपालपेटीवर 'फुरर'खाली दुसरी पाटी बसली आहे, नवी, अगदी सरळ – 'नेगेली'. भिंतीपलीकडचं घर रिकामं, दारावर 'भाड्याने देणे आहे', आणि खाली नेगेलीबाईंच्या अक्षरात: 'दुपारनंतर ऊन येणार नाही.'

उद्या उर्सला हेही सांगावं लागेल.